४० सर्व्हरची इन्व्हेंटरी कशी मांडावी: अ‍ॅन्सिबल, एसएसएच आणि मधला जंप होस्ट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ४० लिनक्स सर्व्हर अ‍ॅन्सिबलने (अनेक सर्व्हर एका ठिकाणाहून सांभाळणाऱ्या साधनाने) सांभाळायचे आहेत. त्यातले २५ जंप होस्टच्या (आत शिरण्यासाठीच्या मधल्या सर्व्हरच्या) मागे, खासगी नेटवर्कमध्ये. काहींचा एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिनची पद्धत) पोर्ट २२, काहींचा २२२२. लॉगिनचे युजर तीन प्रकारचे. सगळं एकाच होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे इन्व्हेंटरीत (सर्व्हरच्या यादीत), प्रत्येक ओळीला पाच-सहा व्हेरिएबल लटकलेली. वेग यावा म्हणून फोर्क्स (एकाच वेळी किती सर्व्हरशी बोलायचं तो आकडा) ४० केलेत. पिंग चालवलं की कधी ४० सर्व्हर उत्तर देतात, कधी ३६, आणि न देणारे दर वेळी वेगळे. ही फाइल कशी मांडावी, असं तुम्ही विचारलंय.

उत्तर लांब होईल, कारण फाइलची मांडणी आणि गायब होणारे सर्व्हर या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि सध्या एक दुसरीला झाकतेय. एक गोष्ट आधीच सांगते: कमांडची आणि व्हेरिएबलची नावं मी इथे देवनागरीत लिहितेय, फाइलमध्ये ती रोमन लिपीतच लिहायची.

अ‍ॅन्सिबल समोरच्या मशीनवर स्वतःचं काही कायमचं बसवून ठेवत नाही. एसएसएचने आत जातं, मॉड्यूलची (एका कामाच्या प्रोग्रामची) छोटी पायथन फाइल तिथे ठेवतं, चालवतं, उत्तर घेतं, फाइल पुसतं. समोर एजंट बसलेला असता तर ‘मी अमुक सर्व्हर, माझं काम तमुक’ हे त्याने स्वतः कळवलं असतं. इथे कळवणारं कोणी नाही. कोणतं मशीन कोणतं, हे फक्त इन्व्हेंटरीला माहीत असतं आणि ती जे सांगेल ते अ‍ॅन्सिबल खरं धरतं. म्हणून मी इन्व्हेंटरीला कोडपेक्षा जास्त जपते. प्लेबुकमधली (करायच्या कामांच्या फाइलमधली) चूक बहुधा एरर देते. इन्व्हेंटरीतली चूक बरोबर काम चुकीच्या मशीनवर करून मोकळी होते.

तुमच्या फाइलमधली एक ओळ डोळ्यांसमोर आणा. त्या एका ओळीत चार वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात: हे मशीन कोण, ते कुठे आहे, तिथे कसं पोहोचायचं, आणि ते काय काम करतं. कुठे म्हणजे आयपी, तो कधीही बदलू शकतो. कसं पोहोचायचं हे नेटवर्कवर ठरतं आणि सहसा २०-२५ मशीनसाठी एकच असतं. काम वर्षानुवर्षं तेच राहतं. वेगवेगळ्या वेगाने बदलणाऱ्या गोष्टी एका ओळीत बांधल्या की एक बदलताना बाकीच्यांना धक्का लागतो. त्या सुट्या करणं हेच खरं काम आहे, बाकीचं त्यामागून येतं.

‘कोण’ म्हणजे नाव. होस्टचं नाव म्हणून आयपी लिहू नका. नाव असं द्या की मशीन दुसरीकडे हललं तरी तेच राहील, आणि पत्ता अ‍ॅन्सिबल_होस्ट या व्हेरिएबलमध्ये ठेवा:

[वेब]
वेब-०१ अ‍ॅन्सिबल_होस्ट=१०.२०.१.११
वेब-०२ अ‍ॅन्सिबल_होस्ट=१०.२०.१.१२

[डीबी]
डीबी-०१ अ‍ॅन्सिबल_होस्ट=१०.२०.२.११

[प्रायव्हेट:चिल्ड्रेन]
वेब
डीबी

होस्टच्या ओळीवर नाव आणि पत्ता, एवढंच राहू द्या. रात्री दोनला लॉग वाचताना ‘डीबी-०१ फेल्ड’ दिसलं की कुठे बघायचं ते लगेच कळतं. १०.२०.२.११ दिसलं तर आधी ते कोण हे शोधावं लागतं. नावं आणि डीएनएस जुळत असतील तर वेब-[०१:२०] अशी रेंज लिहिता येते. तिच्यात दोन्ही टोकं धरली जातात आणि पुढचं शून्यही टिकतं. तुमचे पत्ते मात्र प्रत्येकाचे वेगळे आहेत, त्यामुळे तुम्हाला रेंजचा फारसा फायदा नाही. सरळ ४० ओळी लिहा. ४० ओळी वाचायला सोप्या असतात.

यातला ‘प्रायव्हेट’ हा ग्रुप नीट बघा. तो कामाचा ग्रुप नाही, वाटेचा आहे. त्याखालच्या सगळ्या मशीनना जंप होस्टमधून जावं लागतं, एवढंच तो सांगतो. इन्व्हेंटरीशेजारी ग्रुप_व्हार्स नावाचं फोल्डर करा, त्यात प्रायव्हेट.वायएमएल ही फाइल ठेवा आणि तिच्यात एकच व्हेरिएबल लिहा: अ‍ॅन्सिबल_एसएसएच_कॉमन_आर्ग्स, व्हॅल्यू ‘-जे जंप’ (‘जंप’ हे जंप होस्टचं नाव). झालं, २५ ओळींवरचं ओझं उतरलं. पोर्ट २२२२ असलेल्यांचाही असाच वेगळा ग्रुप करा. युजरचंही तेच. एक होस्ट हव्या तितक्या ग्रुपमध्ये राहू शकतो, त्यात संकोच करायचं कारण नाही. शिवाय ‘ऑल’ हा सगळ्यांचा ग्रुप आणि ‘अनग्रुप्ड’ हा कुठेच न बसलेल्यांचा, हे दोन न लिहिताही असतातच. बहुतेक सर्व्हरचा युजर एकच असेल तर तो ऑलमध्ये लिहा, अपवादांचा ग्रुप वेगळा करा.

ग्रुपच्या नावात हायफन घालू नका, अंडरस्कोर घाला, नाहीतर अवैध अक्षरांची वॉर्निंग येते. होस्टच्या नावात हायफन चालतो. ग्रुप आणि होस्टला एकच नाव देणंही टाळा.

आयएनआय की यॅमल (फाइल लिहिण्याच्या दोन पद्धती), हा प्रश्न लोक उगाच मोठा करतात. माझा कल असा: होस्ट आणि ग्रुपची यादी आयएनआयमध्ये, व्हेरिएबल सगळी ग्रुप_व्हार्स आणि होस्ट_व्हार्समधल्या यॅमल फाइल्समध्ये. आयएनआयमध्ये व्हॅल्यूचा प्रकार चकवतो. तिथे लहान अक्षरांत लिहिलेलं ‘फॉल्स’ हे बूलियन (खरं/खोटं) न होता साधा मजकूर होतं आणि पुढे अट तपासताना गोंधळ उडतो. यॅमलमध्ये तेच बूलियन म्हणून वाचलं जातं. पूर्ण इन्व्हेंटरी यॅमलमध्ये लिहिणार असाल तर एक लक्षात ठेवा: होस्ट्सखाली येणारी नावं डॅश घालून यादीसारखी लिहायची नसतात, प्रत्येक नावापुढे कोलन लागतो, मग त्यापुढे काही नसलं तरी. नवीन माणूस हमखास इथे अडकतो.

आता ग्रुपमधल्या भांडणाकडे येते, कारण ग्रुप वाढले की एकच व्हेरिएबल दोन ठिकाणी येणारच. साधा नियम असा: ऑलपेक्षा वरचा ग्रुप भारी, वरच्या ग्रुपपेक्षा त्याच्या पोटातला ग्रुप भारी, आणि होस्टवर लिहिलेलं या सगळ्यांपेक्षा भारी. हा बहुतेकांना माहीत असतो. एकाच पातळीवरच्या दोन ग्रुपमध्ये कोण जिंकतं, हे मात्र फार थोडे सांगू शकतात. तिथे ग्रुप वर्णक्रमाने एकत्र केले जातात आणि शेवटी येणारा जिंकतो.

हे मी अनुभवाने शिकले. एका कामात प्रत्येक सर्व्हर दोन ग्रुपमध्ये होता: कामाचा ग्रुप ‘अ‍ॅप’, आणि वातावरणाचा ग्रुप ‘प्रॉड’ किंवा ‘टेस्ट’. डेटाबेसचा पत्ता ‘अ‍ॅप’मध्ये डीफॉल्ट म्हणून चाचणीचा दिलेला होता, ‘प्रॉड’मध्ये खरा. बरेच महिने सुरळीत चाललं. मग नाव जास्त स्पष्ट असावं म्हणून मी ‘अ‍ॅप’चं ‘वेब’ केलं. सगळीकडे नीट बदललं, पुन्हा पुन्हा शोधून खात्री केली, प्लेबुक चालवलं, सगळं हिरवं. थोड्या वेळाने कळलं की खरे सर्व्हर चाचणीच्या डेटाबेसशी बोलतायत. आधी क्रम होता अ‍ॅप, प्रॉड, म्हणून प्रॉड जिंकत होता. नाव बदलल्यावर क्रम झाला प्रॉड, वेब, आणि वेब जिंकला. एकही व्हॅल्यू बदलली नव्हती. फक्त एका ग्रुपच्या नावाचं पहिलं अक्षर वर्णमालेत पुढे सरकलं होतं. त्या दिवसाची आठवण आजही ताजी आहे आणि तेव्हापासून या नियमाबद्दल मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगते.

यावर अ‍ॅन्सिबल_ग्रुप_प्रायॉरिटी असा उपाय आहे. सगळ्यांची मूळ प्रायॉरिटी १ असते, मोठा आकडा दिलेला ग्रुप नंतर मिसळला जातो आणि जिंकतो. पण तो आकडा इन्व्हेंटरीच्या फाइलमध्येच लिहावा लागतो, ग्रुप_व्हार्समध्ये लिहिला तर त्याचा परिणाम होत नाही. मी हा उपाय शेवटचा समजते. त्याआधी दोन गोष्टी करा. डीफॉल्ट व्हॅल्यू ग्रुपमध्ये ठेवूच नका, ती रोलच्या (पुन्हा वापरता येणाऱ्या कामांच्या संचाच्या) डीफॉल्ट्समध्ये ठेवा. तिथलं वजन सगळ्यात कमी असतं, त्यामुळे ती कोणालाच हरवू शकत नाही. आणि वातावरणाला ग्रुप न करता वेगळी इन्व्हेंटरीच करा. इन्व्हेंटरीज/टेस्ट आणि इन्व्हेंटरीज/प्रॉड अशी दोन फोल्डर्स, प्रत्येकात आपापली होस्ट्स फाइल आणि आपापलं ग्रुप_व्हार्स. मग चाचणीची व्हॅल्यू खऱ्या सर्व्हरवर पोहोचायला वाटच उरत नाही.

असं केलं की अ‍ॅन्सिबल.सीएफजीमध्ये डीफॉल्ट इन्व्हेंटरी म्हणून टेस्टचा मार्ग द्या. प्रॉडचा कधीही देऊ नका. प्रॉडवर काही चालवायचं असेल तर हाताने ‘-आय इन्व्हेंटरीज/प्रॉड’ लिहावं लागलं पाहिजे. ते लिहिताना बोटं क्षणभर थांबतात आणि तो क्षण मोलाचा असतो.

अ‍ॅन्सिबल.सीएफजी निघाली आहे तर आणखी एक. ही फाइल चार ठिकाणी शोधली जाते: आधी अ‍ॅन्सिबल_कॉन्फिग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये दिलेला मार्ग, मग चालू फोल्डर, मग होम फोल्डर, मग /ईटीसी/अ‍ॅन्सिबल. पहिली सापडेल तीच चालते, बाकीच्या त्यात मिसळल्या जात नाहीत. चालू फोल्डर सगळ्यांना लिहिण्यासाठी खुलं असेल तर तिथली फाइल सुरक्षेसाठी सोडून दिली जाते. विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याच्या सोयीत) विंडोजच्या ड्राइव्हवरून काम करणाऱ्यांना हे हटकून नडतं: फाइल समोर दिसते, सेटिंग मात्र लागू होत नाही. ‘अ‍ॅन्सिबल --व्हर्जन’ चालवा, कोणती फाइल वाचली गेली ते त्यात छापून येतं.

आता वाटेकडे, म्हणजे एसएसएचकडे. अ‍ॅन्सिबल स्वतःचं एसएसएच आणत नाही, मशीनवरचा ओपनएसएसएचचा क्लायंटच वापरतं. त्यामुळे तुमच्या होम फोल्डरमधली एसएसएच कॉन्फिग त्यालाही लागू होते. इन्व्हेंटरीत काय लिहायचं आणि एसएसएच कॉन्फिगमध्ये काय, हे यावरून ठरवता येतं. सर्व्हरबद्दलची माहिती, म्हणजे पत्ता, पोर्ट, युजर, कोणत्या जंपमधून जायचं, ही इन्व्हेंटरीत; ती टीममधल्या सगळ्यांसाठी सारखी असते आणि गिटमध्ये जाते. स्वतः जंप होस्टला कसं पोहोचायचं, आपली की (लॉगिनची किल्ली असलेली फाइल) कोणती, हे एसएसएच कॉन्फिगमध्ये, कारण ते माणसागणिक बदलतं.

याला तांत्रिक कारणही आहे. ‘-जे’ हा पर्याय ओपनएसएसएच ७.३ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे. त्याने जंप होस्टसाठी दुसरं एसएसएच सुरू होतं आणि ते दुसरं एसएसएच कमांडवर दिलेले पर्याय घेत नाही, फक्त कॉन्फिग फाइल वाचतं. म्हणजे अ‍ॅन्सिबल_एसएसएच_प्रायव्हेट_की_फाइलमध्ये दिलेली की शेवटच्या सर्व्हरला लागते, जंपला नाही. ‘की तर दिलीय, मग परमिशन डिनाइड का’ या प्रश्नाचं उत्तर निम्म्या वेळा हेच निघतं. जंपसाठी कॉन्फिगमध्ये होस्ट जंप अशी नोंद करून तिथे युजर आणि आयडेंटिटीफाइल द्या.

परमिशन डिनाइडच्या जवळचीच दुसरी एरर: ‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’. एसएसएच एजंटमध्ये (तुमच्या मशीनवर की लक्षात ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) आठ-दहा की भरलेल्या असतील तर क्लायंट त्या एकेक करून पुढे करतो आणि सर्व्हरची मॅक्सऑथट्राइज ही मर्यादा मुळात ६ असते. बरोबर की सातवी असेल तर तिची पाळीच येत नाही. आयडेंटिटीजओन्ली यस करा, म्हणजे ठरवलेलीच की दिली जाईल.

आता तुमचे गायब होणारे सर्व्हर. न देणारे दर वेळी वेगळे असतात, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. मांडणीची चूक असती तर दर वेळी तेच सर्व्हर पडले असते. इथे जंप होस्ट दार लावून घेतोय. अ‍ॅन्सिबलचे फोर्क्स मुळात ५ असतात, तुम्ही ४० केले. त्यामुळे २५ जोडण्या एकाच क्षणी जंपवर जाऊन धडकतात, कारण प्रत्येक सर्व्हरसाठी जंपशी वेगळी जोडणी होते. एसएसएच सर्व्हरमध्ये मॅक्सस्टार्टअप्स नावाची सेटिंग आहे, मूळ व्हॅल्यू १०:३०:१००. अजून लॉगिन पूर्ण न झालेल्या जोडण्या १० झाल्या की नवीन येणाऱ्यांपैकी ३० टक्के तो यदृच्छया तोडतो. संख्या वाढेल तसं तोडण्याचं प्रमाण वाढतं आणि १०० ला पोहोचल्यावर सगळ्याच तोडतो. म्हणून कधी ४०, कधी ३६. ‘-व्हीव्हीव्हीव्ही’ (जास्त तपशील छापणारा पर्याय) लावून बघा, ‘केईएक्स एक्स्चेंज आयडेंटिफिकेशन, कनेक्शन क्लोज्ड बाय रिमोट होस्ट’ अशी ओळ दिसेल असा माझा अंदाज आहे. जंपचा लॉगही वाचा, तिथे तोडल्याची नोंद मिळते.

उपाय तीन. फोर्क्स १० वर आणा, आज, लगेच. जंप तुमच्या ताब्यात असेल तर तिथली मॅक्सस्टार्टअप्स वाढवा. आणि माझ्या आवडीचा तिसरा: जंपसाठी एकच जोडणी उघडी ठेवून सगळे तिच्यातून न्या. एसएसएच कॉन्फिगमध्ये होस्ट जंपखाली कंट्रोलमास्टर ऑटो, कंट्रोलपाथ आणि कंट्रोलपर्सिस्ट १० मिनिटं अशा तीन ओळी लिहा. पण एवढ्याने भागत नाही. जोडणी आधीपासून उघडी नसेल तर २५ प्रोसेस एकाच वेळी निघतात, सॉकेट कोणालाच सापडत नाही आणि सगळ्या आपापली जोडणी करायला धावतात. म्हणून प्लेबुकच्या आधी ‘एसएसएच -एफएन जंप’ चालवून वाट उघडून ठेवा, मग प्लेबुक सुरू करा. पुढच्या २५ जणांना जंपवर नव्याने लॉगिन करावंच लागत नाही.

हे बदल तपासताना घाई करू नका. अ‍ॅन्सिबल स्वतःही प्रत्येक सर्व्हरची जोडणी मुळात ६० सेकंद उघडी ठेवतं. तुम्ही एसएसएचचे पर्याय बदलले आणि लगेच पिंग केलं, तर ते जुन्याच उघड्या जोडणीतून जातं. ‘चाललं’ असं वाटतं आणि दोन मिनिटांनी पडतं, किंवा उलट. होम फोल्डरमधल्या .अ‍ॅन्सिबल/सीपीमध्ये ही सॉकेट्स असतात. मिनिटभर थांबून मग तपासा.

होस्ट कीच्या (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या कीच्या) तपासणीबद्दल माझं मत ठाम आहे. शोधलंत तर पहिला सल्ला मिळेल तो तपासणी बंद करण्याचा. करू नका. ज्या मशीनवर तुम्ही सुडोने (अ‍ॅडमिनच्या अधिकारांनी) सगळं काही करणार आहात, ते मशीन खरंच तेच आहे का, हे बघणारी एवढी एकच गोष्ट मध्ये उभी आहे. पहिल्यांदा जाताना ‘यस’ टाइप करायला अ‍ॅन्सिबल अडून बसतं, ही अडचण खरी आहे. त्यासाठी एसएसएच-कीस्कॅनने सगळ्यांच्या की एकदाच गोळा करा, काहींचे फिंगरप्रिंट सर्व्हरच्या कन्सोलवर जाऊन पडताळा आणि ती नोन_होस्ट्स फाइल टीममध्ये वाटा. कमीत कमी एवढं करा: स्ट्रिक्टहोस्टकीचेकिंगला अ‍ॅक्सेप्ट-न्यू द्या. ओपनएसएसएच ७.६ पासून हा पर्याय आहे. अनोळखी की पहिल्यांदा स्वीकारली जाते, पण ओळखीची की बदलली तर जोडणी थांबते. सर्व्हर शंभरावर गेले की होस्ट सर्टिफिकेटचा मार्ग घ्या. तेव्हा नोन_होस्ट्समध्ये सर्टिफिकेट देणाऱ्या अथॉरिटीची एकच ओळ पुरते.

पिंग मॉड्यूलबद्दल थोडं. हे नेटवर्कचं पिंग नव्हे. लॉगिन होतंय आणि समोर वापरण्याजोगं पायथन आहे, हे दोन्ही ते तपासतं. त्यामुळे ‘अनरीचेबल’ आणि ‘फेल्ड’ यांतला फरक वाचायला शिका. पहिलं म्हणजे एसएसएचच पोहोचलं नाही, दुसरं म्हणजे आत गेलं पण काम झालं नाही. दुसऱ्याचं एक कारण अलीकडे वाढलंय. अ‍ॅन्सिबल-कोअर २.१७ ला समोरच्या मशीनवर पायथन ३.७ किंवा नवीन लागतं, त्यापुढच्या आवृत्त्यांना आणखी नवीन. रेड हॅट ८ घराण्यातल्या सर्व्हरचं स्वतःचं पायथन ३.६ आहे, त्यामुळे कंट्रोल मशीन (जिथून तुम्ही अ‍ॅन्सिबल चालवता ते) अपग्रेड केल्याबरोबर असे सर्व्हर पडायला लागतात. तिथे नवीन पायथन शेजारी बसवून त्या ग्रुपला अ‍ॅन्सिबल_पायथन_इंटरप्रिटरने मार्ग द्यायचा, किंवा कंट्रोल मशीन २.१६ वर ठेवायचं. पहिला मार्ग घेतला तर पॅकेज बसवणारी मॉड्यूल्स आधी तपासा, कारण त्यांना सिस्टिमच्याच पायथनची लायब्ररी हवी असते.

युजरबद्दलही एक गोष्ट माहीत असू द्या. इन्व्हेंटरीत अ‍ॅन्सिबल_युजर लिहिलेलं असेल तर कमांडवर ‘-यू’ देऊन काही उपयोग होत नाही, इन्व्हेंटरीतलंच चालतं. एका वेळेपुरता खरंच दुसरा युजर हवा असेल तर ‘-ई अ‍ॅन्सिबल_युजर=अमुक’ असं द्या, ते सगळ्यांवर भारी पडतं. लॉगिनचा युजर आणि बिकम करून (लॉगिननंतर बदलून) होणारा युजर वेगळे ठेवा, थेट रूट म्हणून लॉगिन नको. पासवर्ड इन्व्हेंटरीत कधीच नको. ग्रुप_व्हार्समध्ये फाइलऐवजी ग्रुपच्या नावाचं फोल्डरही चालतं. त्यात एक साधी फाइल आणि एक व्हॉल्टने (अ‍ॅन्सिबलच्या कूटबद्ध करण्याच्या सोयीने) बंद केलेली फाइल ठेवा. बंद फाइलमधल्या नावांना व्हॉल्ट_ अशी सुरुवात द्या आणि साध्या फाइलमधून त्यांचा संदर्भ घ्या. मग व्हेरिएबल कुठून आलं, हे बंद फाइल न उघडताही शोधता येतं.

डायनॅमिक इन्व्हेंटरी तुम्हाला आज लागणार नाही. मशीन रोज जन्मत आणि मरत असतील तेव्हा क्लाउडलाच विचारणारं प्लगइन घ्यावं. तुमचे ४० सर्व्हर स्थिर आहेत. पुढे गरज पडली तर प्लगइनची फाइल आणि हाताने लिहिलेली फाइल एकाच फोल्डरमध्ये राहू शकतात. त्या नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणून पुढे ०१, ०२ लावा. फोल्डर दिल्यावर .आयएनआय शेपटीच्या फाइल्स अनेक वर्षं मुकाट्याने सोडून दिल्या जात होत्या. म्हणून फाइलचं नाव बिनशेपटीचं, नुसतं ‘होस्ट्स’ ठेवणं सुरक्षित.

राहिलं ते जुन्या फाइलवरून नव्या मांडणीवर जाणं. हे एका दिवसात, कोणत्याही सर्व्हरला हात न लावता करता येतं. ‘अ‍ॅन्सिबल-इन्व्हेंटरी --लिस्ट’ ही कमांड पूर्ण इन्व्हेंटरी जेसनमध्ये देते, आणि त्यातल्या _मेटा, होस्टव्हार्स या भागात प्रत्येक होस्टला शेवटी लागू होणारी सगळी व्हेरिएबल उतरवलेली असतात, ग्रुपमधून आलेली धरून. जुन्या फाइलवर ती चालवा, तो भाग जेक्यूने (जेसन हाताळणाऱ्या कमांडने) नावांच्या क्रमाने लावून आधी.जेसनमध्ये साठवा. मग नवी मांडणी लिहा, ती पुन्हा चालवा, नंतर.जेसन करा आणि दोन्हींचा डिफ (फरकांची यादी) घ्या. टेस्ट आणि प्रॉड वेगळे केलेत तर दोन्ही इन्व्हेंटरी ‘-आय’ने एकत्र देऊ नका. एकेक वेगळी चालवा आणि आधी.जेसनमधल्या त्या-त्या होस्टशी ताडून बघा. ग्रुप_व्हार्स प्लेबुकशेजारी ठेवलेलं असेल तर --प्लेबुक-डिर द्यायला विसरू नका, नाहीतर ही कमांड ते वाचणार नाही आणि डिफ तुम्हाला खोटा दिलासा देईल.

पहिल्या वेळी डिफमध्ये हमखास काहीतरी निघतं. एका सर्व्हरचा पोर्ट जुन्या फाइलमध्ये दोनदा लिहिलेला, एकाचा युजर कोणीतरी घाईत बदललेला. प्रत्येक फरकापाशी थांबा आणि खरं कोणतं ते त्या सर्व्हरवर जाऊन बघा, अंदाजाने ठरवू नका. मग ‘--ग्राफ’ काढा आणि तो झाडासारखा आकार टीममधल्या दुसऱ्या कोणाला तरी दाखवा. त्या माणसाला डीबी-०१ कुठल्या वाटेने गाठायचा हे तो बघून सांगता आलं, तर ग्रुपची नावं बरोबर जमलीत.

नव्या मांडणीवर पहिली धाव एकाच सर्व्हरवर घ्या: --लिमिट वेब-०१ आणि सोबत --चेक (काही न बदलता नुसती तपासणी). नंतर ‘वेब:!वेब-०१’ असा पॅटर्न घेऊन उरलेल्यांवर. हा पॅटर्न एकेरी अवतरणात लिहा, नाहीतर उद्गारचिन्हाचा अर्थ शेल स्वतःच्या मनाने लावतं. दर वेळी खरी कमांड चालवण्याआधी तीच ओळ --लिस्ट-होस्ट्स लावून चालवा. ती फक्त नावं छापते, काही करत नाही. छापलेली नावं मोजा. प्रॉडवर आजही मी ती मोजूनच पुढे जाते.